मदत हवी आहे: आप्पांना टोयोटाच हवी, नावाचे जादा पैसे मोजू का?

बेदाणा

नमस्कार मंडळी. गेली कित्येक वर्षं इथे नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. पाल्हाळ झालं तर सांभाळून घ्या.

आमच्या घरी २००३ची क्वालिस आहे. गाव तासगाव. आप्पांनी ती घेतली तेव्हा सगळे म्हणत होते, ट्रॅक्स घे, वडापला (प्रवासी भाड्याला) तीच बरी. आप्पांनी ऐकलं नाही. कारण ऐकून हसाल. किर्लोस्करवाडी आमच्या शेजारच्या तालुक्यात, आजोबांच्या विहिरीवर किर्लोस्करचं इंजिन. शोरूमच्या पाटीवर टोयोटाच्या शेजारी किर्लोस्कर वाचलं आणि विषय संपला. "आपलीच गाडी हाय," म्हणाले.

त्या गाडीनं काय नाही केलं! तुळजापूर, पंढरपूर, लग्नाची वऱ्हाडं, बेदाण्याचे बॉक्स. आप्पांच्या डिझेलच्या वहीप्रमाणे सव्वापाच लाख किलोमीटर झालेत. ऑइल, टायमिंग बेल्ट वेळच्या वेळी. इंजिन अजून उघडलेलं नाही. पासिंग २०२८पर्यंत आहे. पण आईचे गुडघे गेले. परवा वाड्यापुढं गाडीत चढताना तिनं एका हातानं दार आणि दुसऱ्या हातानं माझी कॉलर धरली, तेव्हाच ठरवलं की आता बुटकी गाडी घ्यायची.

बजेटात दोन बसतात: टोयोटाची हायरायडर आणि मारुतीची ग्रँड विटारा, दोन्ही हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि जोडीला बॅटरीवरची मोटर). धाकटा म्हणतो, गाडी एकच, नुसता बिल्ला वेगळा, आणि मारुतीचं वर्कशॉप घरापासून दहा मिनिटांवर आहे. आप्पा म्हणतात, "टोयोटा न्हाय तर हाय ती बरी हाय." एका शोरूममधला मुलगा म्हणाला, "सर, जपानी क्वालिटी." दुसऱ्या शोरूममधल्या मुलानंही तेच सांगितलं. खोटं कुणीच बोललं नाही म्हणा.

तर मदत अशी हवी आहे. टोयोटाचं हे नाव आलं कुठून? खरोखर काही वेगळं करतात की एकानं सांगितलं म्हणून दुसरा म्हणतो? आणि क्वालिसनं कमावलेलं नाव हायरायडरला लागू होतं का? आप्पांपुढे "गूगल म्हणतं" चालत नाही, कुणा माणसाचं नाव घेऊन सांगावं लागतं.

दहाचा पाना

हायब्रिड घेताय ना? मग रीसेलची चिंता सोडा. सविस्तर रात्री लिहितो, आत्ता गाडीखाली आहे.

नागोयाकर

आप्पांना माणसाचं नाव हवं असेल तर साकिची टोयोदा हे नाव सांगा. आणि गाडीपासून सुरुवात करू नका, हातमागापासून करा.

मी नागोयात नोकरी करतो. इथे टोयोटाच्या जुन्या कापड गिरणीच्या लाल विटांच्या इमारतीत संग्रहालय आहे. गाड्या बघायला म्हणून मुलाला घेऊन गेलो, तर आधी नुसते मागच माग. साकिची १८६७चा, सुताराचा पोरगा. आई हातमागावर विणायची, ते कष्ट बघून लाकडी माग सुधारायच्या नादाला लागला असं इथे सांगतात. १८९१ मध्ये पहिलं पेटंट. पुढे १८९६ मध्ये त्याने यंत्रावर चालणारा माग केला, त्यात आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. १९२४ सालच्या जी टाइप मागात तर माग न थांबता धोटा (आडवा धागा नेणारा) बदलायची सोय होती, आणि ताण्याचा, म्हणजे उभा धागा तुटला तरी माग थांबायचा. त्यामुळे एका माणसाला कितीतरी माग सांभाळता येऊ लागले.

संग्रहालयातली बाई प्रात्यक्षिक दाखवत होती. कान किटतील एवढा खडखडाट चालू. तिने बोटाने एक धागा तोडला. पुढच्या क्षणी सगळं गप्प. माझा पोरगा म्हणाला, "बाबा, बिघडलं." मला वाटतं, टोयोटाची सगळी गोष्ट त्या शांततेत आहे. चुकीचं कापड विणत राहण्यापेक्षा थांबलेलं बरं.

१९२९ मध्ये या मागाचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सना १ लाख पौंडांना विकले. तेच पैसे साकिचीने मुलाला, किइचिरोला, मोटारीच्या उद्योगासाठी दिले अशी आख्यायिका आहे. पैशांचा हिशेब इतका सरळ नसावा, पण मोटारीचं खूळ किइचिरोचं, हे नक्की. मागाच्या कारखान्यात १९३३ साली मोटार विभाग निघाला, १९३७ मध्ये वेगळी कंपनी झाली.

नाव टोयोदाचं टोयोटा कसं झालं तेही आप्पांना सांगा. १९३६ मध्ये लोकांकडून बोधचिन्ह मागवलं, २७ हजार नमुने आले. निवडलेल्यात 'टोयोटा' होतं. जपानी लिपीत ते ८ फटकाऱ्यांत लिहून होतं आणि ८ हा इथे शुभ आकडा. म्हणजे अंकशास्त्र आपल्याकडेच चालतं असं नाही.

कांडीवाला

नागोयाकर, जियो! मी इचलकरंजीचा. आमच्याकडं टोयोटा म्हटलं की आधी गाडी नाही, एअरजेट माग डोळ्यांपुढं येतो.

वडिलांचे साधे माग होते. त्यावर ताण्याचा एक धागा तुटला तरी माग आपला खडखडतोय. कामगाराचं लक्ष गेलं तर ठीक, नाहीतर वार-दोन वार कापडात उभी रेघ पडते. व्यापारी ते कापड हातात घेऊन उजेडाकडं धरतो आणि भाव पाडतो. ती रेघ बघून वडिलांचं तोंड कसं व्हायचं ते मला माहीत आहे.

आता शेडमध्ये आठ टोयोटा आहेत. धोटा नाही, हवेच्या झोतानं बाणा, म्हणजे आडवा धागा फेकतात. प्रत्येक उभ्या धाग्यावर पत्र्याची एक बारीक पट्टी लटकलेली असते. धागा तुटला की पट्टी खाली पडते, माग बंद, वर दिवा लागतो. दिव्याचा रंग बघून पोरगं धावतं. जपान्यांनी मोटारीच्या कारखान्यातसुद्धा हाच दिवा लावला म्हणतात, खरं का?

बेदाणा, तासगाव काय लांब नाही. आप्पांना घेऊन या. धागा तोडून दाखवतो.

नागोयाकर

खरं आहे. तिथे त्याला अँडन म्हणतात. जोडणीच्या पट्ट्याशेजारी दोरी असते. कामगाराला खोट दिसली की तो ती ओढतो, फलकावर दिवा लागतो, टीम लीडर पळत येतो. ठरलेल्या वेळात सुटलं नाही तर पट्टा थांबतो. आपल्याकडे साध्या कामगाराने लाइन थांबवली तर काय होईल, विचार करा.

हे सगळं बसवणारा ताईइची ओनो मुळात टोयोदाच्या सूतगिरणीतूनच मोटारीत आला होता. अमेरिकेतल्या सुपरमार्केटमध्ये फळीवरचा माल उचलला तेवढाच पुन्हा भरतात, या कल्पनेवरून त्याने सुट्या भागांची चिठ्ठी पद्धत बेतली. तीच कानबान. एमबीएवाले त्याचे स्लाइड शो दाखवतात, इथे मात्र सगळी मूळ अडचण पैशांची होती. गोदाम भरून ठेवायला पैसाच नव्हता. १९५० मध्ये कंपनी बुडायला आली, कामगार कपात झाली, संप झाला, किइचिरोने राजीनामा दिला. आणि त्याच जूनमध्ये कोरियाचं युद्ध पेटलं, अमेरिकी सैन्याने ट्रक मागवले आणि कंपनी तरली. किइचिरो १९५२ मध्ये गेला. त्याला यातलं पुढचं काहीच दिसलं नाही.

तिरकस

आरती संपली असेल तर थोडा कापूर मीही जाळतो.

पहिली गोष्ट. टोयोटा जन्मतः दणकट वगैरे नव्हती. १९३५चा पहिला ट्रक सारखा बंद पडायचा. कंपनीची माणसं जिथे बंद पडेल तिथे जाऊन दुरुस्त करायची. १९५७ मध्ये क्राउन गाडी अमेरिकेत नेली, तिथल्या हायवेवर तिची दमछाक झाली, शेवटी ती विक्री थांबवावी लागली. नाव झालं ते नंतर, १९६६च्या कोरोलापासून पुढे.

दुसरी गोष्ट. २००९-१० मध्ये अडकणारे अ‍ॅक्सिलरेटर पेडल आणि पायाखालच्या मॅट यांपायी जगभर लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. किइचिरोचा नातू अकियो टोयोदा, तेव्हाचा अध्यक्ष, फेब्रुवारी २०१०मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर माफी मागायला बसला. आम्ही फार वेगाने वाढलो, असं त्याने कबूल केलं. नासाच्या तपासात इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही, हे मान्य. पण ग्राहकांपासून माहिती लपवल्याबद्दल २०१४ मध्ये १२० कोटी डॉलर भरावे लागले.

तिसरी गोष्ट कांडीवाल्यांसाठी खास. डिसेंबर २०२३ मध्ये टोयोटाच्याच दाइहात्सु कंपनीच्या सुरक्षा चाचण्यांतली लबाडी उघड झाली, ६४ मॉडेलं. जानेवारी २०२४ मध्ये डिझेल इंजिनांच्या चाचण्यांत आकडे गुळगुळीत केल्याचं निघालं. भारतात क्रिस्टा, फॉर्च्युनर, हायलक्स यांची रवानगी काही दिवस थांबली होती. ती इंजिनं बनवणारी कंपनी कोणती? टोयोटा इंडस्ट्रीज. म्हणजे तुमचे माग बनवणारी. साकिचीची मूळ कंपनी.

कांडीवाला

हे माहीत नव्हतं. वाचून वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. धागा तुटला तर माग थांबवणाऱ्यांनीच दिवा झाकून ठेवला म्हणायचा.

माग मात्र अजून थांबतात.

मस्कत-मालवण

इकडे ओमानात डोंगरातल्या गावांत लँड क्रूझरशिवाय पान हलत नाही. वीस वर्षांच्या गाड्या रोज घाट चढतात. एवढंच सांगायला आलो.

दहाचा पाना

आलो. इतिहास झकास झाला, आता गाडीबद्दल बोलू.

टोयोटाने २०१९ मध्ये सुझुकीत, म्हणजे मारुतीच्या जपानी मालकांत, ५ टक्क्यांच्या आसपास भाग घेतला, त्याच वर्षी इथे टोयोटाची ग्लान्झा आली. ग्लान्झा म्हणजे मारुतीची बलेनो, सुझुकीच्याच कारखान्यातली. तिथे तुमच्या धाकट्याचं शंभर टक्के बरोबर. पण हायरायडर आणि ग्रँड विटाराचं प्रकरण उलटं आहे. सांगाडा सुझुकीचा, पण २०२२ मध्ये दोन्ही गाड्या निघाल्या त्या टोयोटाच्या कर्नाटकातल्या बिडदीच्या कारखान्यातून. मारुतीचा बिल्लासुद्धा तिथेच चिकटवला. आणि तुम्ही जी हायब्रिड बघताय, त्यातलं दीड लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन आणि हायब्रिड यंत्रणा दोन्हीकडे टोयोटाचीच. त्यांची प्रियस ही हायब्रिड गाडी १९९७ मध्ये आली, तेव्हापासून ते हेच करत आलेत. साध्या, म्हणजे माइल्ड हायब्रिडमध्ये मात्र इंजिन सुझुकीचं.

म्हणजे आप्पा मागतायत ती गाडी त्यांना मारुतीच्या शोरूममध्येही मिळेल.

दोन्हींची हायब्रिड बॅटरी वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर. गाडीची वॉरंटी आता दोघांचीही ३ वर्षं किंवा १ लाख. जानेवारी २०२३ मध्ये एअरबॅगच्या कंट्रोलरसाठी दोघांनीही काही गाड्या परत बोलावल्या होत्या, म्हणजे दुखणं एकच. त्यामुळे नावाचे वेगळे पैसे मोजू नका. ऑन-रोड किंमत, वेटिंग आणि वर्कशॉपचं अंतर बघा. डिकी मात्र दोन्हींत लहान आहे, बॅटरीने जागा खाल्लीय. बेदाण्याचे बॉक्स विसरा. आणि आईंना मागच्या सीटवर बसवून बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.

तिरकस

पाना यांच्याशी सहमत. हे मी क्वचित लिहितो.

अवांतर: टोयोटा आणि सुझुकी दोघेही मूळचे मागवाले. मिचियो सुझुकीने १९०९ मध्ये हामामात्सुला मागाचाच कारखाना काढला होता. साकिचीचं गाव तिथून जवळच.

नागोयाकर

अवांतरात भर: होंडाचा संस्थापक सोइचिरोही हामामात्सुकडचाच. आधी टोयोटाला पिस्टन रिंगा पुरवायचा, युद्धानंतर कारखान्यातला हिस्सा टोयोटालाच विकून मोकळा झाला. आणि किर्लोस्करांशी टोयोटाचा पहिला घरोबाही मोटारीचा नाही, कापडयंत्रांचा. १९९५ चा. मोटारीची कंपनी १९९७ ला निघाली.

बेदाणा

सगळ्यांचे मनापासून आभार. उशीर झाला, कारण रविवारी खरंच इचलकरंजीला जाऊन आलो, क्वालिस घेऊनच. आई आणि धाकटाही होते.

कांडीवाल्यांनी कानात घालायला कापूस दिला, आप्पांनी नाकारला. शेडमध्ये आत शिरल्यावर ते थेट मागाजवळ गेले आणि पाटी वाचली. मग पाटीवर बोट ठेवून माझ्याकडं बघितलं. कांडीवाल्यांनी धागा तोडला. माग थांबला, दिवा लागला. पोरगं आलं, गाठ मारली, माग चालू. आप्पांनी ते तीनदा करून घेतलं. तिसऱ्यांदा धागा त्यांनी स्वतः तोडला. (कांडीवाले, तेवढ्या कापडाचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, लक्षात आहे.)

परतताना मिरजेपर्यंत गप्प. मग म्हणाले, "ती मारुतीवाली बिडदीला हुते म्हणतोस?" म्हटलं, इंजिनही टोयोटाचंच. "मग वर्कशॉप जवळचं बघ."

काल ग्रँड विटारा बुक केली. आई मागच्या सीटवर कॉलर न धरता बसली.

क्वालिस विकायची नाही असं फर्मान निघालंय. तेव्हा आता दुसरी मदत: सांगली-कोल्हापूर भागात क्वालिसच्या दाराची रबरं कुणाकडं मिळतात का? पावसाळ्याच्या आत बसवायची आहेत.

दहाचा पाना

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.