मदत हवी आहे: थंड झिंगे पाहुण्यांना कसे द्यायचे? (परभणी, बाहेर 42 डिग्री)

नमस्कार मंडळी, रविवारी नणंद अन् नंदोई यायलेत. नंदोई अलिबागचे, माशात वाढलेला माणूस, आणि आमच्याकडं मासे म्हणजे गोदावरीतला रोहू नाहीतर मरळ, नाहीतर सुकट अन् ज्वारीची भाकर, बास. त्यांच्यापुढं माशाचा रस्सा ठेवायची माझी काही हिंमत नाही, म्हणून म्हटलं त्यांच्या घरी होत नसंल असं काहीतरी करावं. गोव्याला हॉटेलात ग्लासात लाल सॉस अन् कडेला थंडगार झिंगे लावून दिले होते, प्रॉन कॉकटेल म्हणतात त्याला (दारूचा काही संबंध नाही, सासूबाईंना तीनदा सांगून झालंय).

परवा ट्रायल घेतली. 500 ग्रॅमचं फ्रोझन पाकीट आणलं, वरचा बर्फ सुटल्यावर वजन कमीच भरलं ते जाऊ द्या. वाटलं नीट शिजलेलं बरं, म्हणून 10 मिनिटं उकळले, तर एकेक झिंगा गरगरीत वळून एवढाएवढासा झाला अन् चावायला खोडरबर! सासूबाई म्हणल्या, "थंड कशाला देतीस, रात्रीचं उरलेलं वाढलं म्हणतील."

तर किती वेळ उकळायचे? सॉसमधे हॉर्सरॅडिश (मुळ्यासारखं एक झणझणीत मूळ) लागतं म्हणे, ते इथं कुठं मिळायलंय, त्याच्याऐवजी काय घालू? आणि लाईटचा नेम नाही, बाहेर किती वेळ चालतील?

प्रतिसाद 1:
ताई, आधी सांगा पाकिटातली कोळंबी राखाडी होती का गुलाबी? राखाडी म्हणजे कच्ची. गुलाबी असेल तर बहुतेक आधीच शिजवलेली.

धागाकर्ती:
गुलाबीच होती हो 😅 पाकीट कचऱ्यातून काढून आत्ता वाचलं, बारीक अक्षरात लिहिलंय शिजवलेली म्हणून.

प्रतिसाद 1:
मग झालं की! ती रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून सोडवायची आणि फडक्याने कोरडी करायची, नाहीतर सॉसचं पाणी होतं. कच्ची मिळाली तर पाठीतला काळा धागा काढा, मीठ-लिंबाच्या उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं, इंग्रजी सी सारखी वळली की लगेच बर्फाच्या पाण्यात. ओ झाली की गेली. वाढताना खाली बर्फाचा थर द्या, आणि तुमच्याकडच्या उन्हात बाहेर तासाभरावर नको, थोडी थोडी काढा.

प्रतिसाद 2:
हॉर्सरॅडिशच्या मागं लागू नका, मोहरी फेसा. तोच नाकात जाणारा झणका. मोहरी कुटून गार पाण्यातच फेसायची, गरम पाणी घातलं की तिखटपणा उठतच नाही. दहा मिनिटं ठेवायची अन् मगच लिंबू पिळायचं, आधी पिळलं तर झणका तिथंच थांबतो. मग टोमॅटो केचप, थोडं लाल तिखट. अन् पाहुण्यांना झिंग्याची ॲलर्जी नाही ना तेवढं विचारून घ्या.

धागाकर्ती:
नंदोईंना नाही, नणंदेला विचारते. मोहरी आत्ताच फेसून बघितली, नुसतं झाकण उघडलं तर डोळ्यातून पाणी आलं, सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर गेल्या. बरोबरच झालीय ना?

प्रतिसाद 2:
एकदम बरोबर. केचप जरा जास्त घाला.