बाबांना सीओपीडी, पण जास्त धाप आईला! तातडीने मदत हवी आहे

शेंगाचटणी: बाबा ६८ वर्षांचे, चार वर्षांपासून सीओपीडी (श्वासनळ्यांत कायमचा अडथळा येणारा फुप्फुसाचा आजार). ३५ वर्षं विडी ओढली. कॅप्सूलवाला पंप घेतात, शेतापर्यंत चालत जाऊन येतात. आईने विडी हातातसुद्धा धरली नाही, तरी दहा पायऱ्या चढली की कट्ट्यावर टेकते. गावचे डॉक्टर म्हणतात वजन उतरवा, टेन्शन घेऊ नका. बाबांचाच पंप तिला चालू करू का? लवकर सांगा, उद्या पुण्याला निघायचंय.

मीनल_ठाणे: आईचं वय? खोकला किती दिवस? पीएफटी (फुंकण्याची टेस्ट) केली का? चूल आहे का?

शेंगाचटणी: ६३. खोकला कायमचाच. एक्सरे नॉर्मल. पीएफटी बाबांची झालीय, आईची कशाला? गॅस २००४ पासून आहे.

घाटावरचा: अडुळसा, ज्येष्ठमध, मध. सासऱ्यांचा जुना दमा गेला.

रातकिडा: दमा आणि सीओपीडी एक नव्हे हो. आणि प्रत्येक धाग्यावर तुमचा अडुळसा!

घाटावरचा: अनुभव सांगितला, जबरदस्ती केली नाही.

फिजिओ_ताई: भांडण नंतर. एक्सरे नॉर्मल असूनही सीओपीडी असू शकतो. निदान फुंकण्याच्या टेस्टवरच होतं: औषध देऊन परत फुंकायला लावतात आणि पहिल्या सेकंदातली हवा एकूण हवेच्या ०.७० पेक्षा कमी भरली तर. बायकांची ही टेस्ट राहून जाते. धूम्रपान नाही म्हटलं की दमा नाहीतर टेन्शन असा शिक्का. बायकांच्या श्वासनळ्या मुळात अरुंद, त्यामुळे रिपोर्टचा आकडा सारखा असला तरी धाप त्यांना जास्त लागते. आई नाटक करत नाहीये.
बाबांचा पंप देऊ नका. कॅप्सूलवाल्या पंपात औषध स्वतःच्या जोरावर ओढावं लागतं, तेवढा जोर नसेल तर पावडर तोंडातच राहते. आईंना कदाचित स्पेसरवाला (पुढे नळकांडं जोडलेला) पंप लागेल. ते डॉक्टर ठरवतील.

विंगकमांडर: ऑक्सिजन मशीन ५ लिटरचं घ्या, १० चं वीज खातं. आमच्या आत्यासाठी घेतलं होतं.

रातकिडा: ऑक्सिजन कोणी विचारला?

मीनल_ठाणे: चुलीचं उत्तर आलं नाही. गॅस असणं आणि चूल नसणं वेगळं.

शेंगाचटणी: म्हणजे, भाकरी चुलीवरच. बाबांना गॅसवरची आवडत नाही. आंघोळीचं पाणी पण चुलीवर, शेणी आणि तुरीच्या काट्या. पण ते तर सगळ्यांकडेच असतं ना?

फिजिओ_ताई: हेच आधी सांगायचं होतं! चाळीसेक वर्षं चुलीपुढे बसलेल्या बाईला विडीची गरज नसते. विडीने फुप्फुसाचे फुगे फुटतात, चुलीच्या धुराने मुख्यतः श्वासनळ्या जाड होतात, त्यामुळे दोघांचं दुखणं एकाच नावाचं असूनही तंतोतंत सारखं नाही. डॉक्टरांना चुलीचं स्वतःहून सांगा, कोणी विचारत नाही.

घाटावरचा: चुलीवरच्या भाकरीची चव मात्र गॅसला नाही.

मीनल_ठाणे: मग ती तुम्ही थापा.

शेंगाचटणी: जाणं दोन दिवस पुढे ढकललं. सोमवारी बाबांची तारीख आहे, तेव्हाच आईला दाखवतो. ती म्हणते, "त्यांनाच दाखव, मी बाहेर बसते."

विंगकमांडर: सोलर बंब बसवा. कितीला पडतो कोणाला माहीत आहे का?