निवडणूक प्रचारात स्वयंसेवक: समाधान देईल असं काम कसं निवडावं?

उंबरठा:
ज्या उमेदवाराचं काम पटतं त्याच्यासाठी आठवड्याला सहा तास द्यायचे आहेत, साधारण दोन महिने. पद नको, मानधन नको. पण शेवटी 'वापरून घेतलं' अशी भावना उरायला नको. कुठलं काम मागून घ्यावं? आणि उमेदवार पडला तर सगळं पाण्यात गेलं असं वाटू नये, यासाठी आधीच काय ठरवता येईल?

सतरंजी:
आधी स्वतःला विचारा, तुम्हाला यातून काय हवंय. क्लेरी, स्नायडर आणि सहकारी या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली स्वयंसेवेमागच्या सहा प्रेरणा मांडल्या: मूल्यं, नवं शिकणं, माणसांची सोबत, करिअर, मनावरचं ओझं उतरवणं आणि स्वतःबद्दल बरं वाटणं. जी प्रेरणा घेऊन माणूस येतो, तिला पुरं पडणारं काम मिळालं की समाधान वाढतं, असं त्यांना आढळलं. प्रचार कार्यालयात नेमकं याच्या उलट चालतं. जो येईल त्याला समोर पडलेलं काम. गप्पिष्ट माणूस मतदारयादीच्या नोंदी करत बसतो आणि अबोल माणसाच्या हातात फोन येतो. दोघंही पंधरा दिवसांत गळतात.

पहिल्याच भेटीत तीन गोष्टी विचारून घ्या. माझा समन्वयक कोण? माझ्याकडे कोणता भाग आणि किती घरं? मी केलेल्या नोंदी कुठे जातात, त्यांचं पुढे काय होतं? तिसऱ्याचं उत्तर 'ते बघू नंतर' असं आलं, तर तिथं घरभेटीचं काम घेऊ नका. कागद कपाटात पडून राहणार.

खुर्च्या मांडायला हरकत नाही. रोज त्याच मांडायला लावल्या तर मात्र स्पष्ट बोला.

पायपीट:
घरभेटीच मागा, आणि शक्यतो दर वेळी तोच भाग. जोडीनं जा, दोन तासांची फेरी पुरे. तासाला साधारण १५ ते २० दारं होतात. त्यातली बरीच उघडतच नाहीत, ते मनाला लावून घेऊ नका.

बेल वाजवली की दोन पावलं मागे सरा. नाव सांगा, कुणाकडून आलात ते सांगा, एकच प्रश्न विचारा ('या भागात सगळ्यात जास्त त्रास कशाचा?') आणि गप्प बसा. हे गप्प बसणंच जमत नाही. पत्रकातले मुद्दे धडाधड म्हणून दाखवले की समोरचा मान डोलावतो आणि दार लावून घेतो.

नोंद पुढच्या दारापाशी पोचण्याआधी करा. पाच घरं झाल्यावर आठवून लिहिलं की कोण काय म्हणालं याची सरमिसळ होते. बहुतेक ठिकाणी १ ते ५ अशी श्रेणी असते: १ म्हणजे पक्का पाठिंबा, ५ म्हणजे पक्का विरोध. नवखे लोक 'हो हो, बघू' याला १ देतात. तो ३ आहे. मतदानाच्या दिवशी आठवण करायची यादी १ आणि २ मधूनच निघते. ती फुगलेली असली की आपलीच माणसं विरोधी उमेदवाराच्या मतदारांना केंद्रावर घेऊन येतात!

आणि ५ वाल्याशी वाद घालू नका. 'धन्यवाद' म्हणून निघा. थकवा चालण्यानं कमी, वादांनीच जास्त येतो.

शंकेखोर:
पायपीट यांच्याशी सहमत, एक पुरवणी. मतं वळवण्यात समाधान शोधाल तर निराश व्हाल. कॅला आणि ब्रूकमन या राज्यशास्त्रज्ञांनी २०१८ साली अमेरिकेतल्या ४९ प्रयोगांचा आढावा घेतला. सार्वत्रिक निवडणुकीत प्रचाराच्या थेट संपर्कानं उमेदवाराची निवड बदलण्याचा सरासरी परिणाम शून्याच्या आसपास निघाला. मतदानाला बाहेर काढणं ही वेगळी गोष्ट. गर्बर आणि ग्रीन या संशोधकांच्या १९९८ च्या अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरातल्या प्रयोगात समोरासमोरच्या भेटींनी मतदान स्पष्टपणे वाढलं, फोननं वाढल्याचं दिसलं नाही. सहा तासांचं गणित थोडं मोडा आणि शेवटच्या आठवड्यासाठी जास्त वेळ राखून ठेवा.

उंबरठा:
हे उपयोगी आहे. पण जो आधीच 'हो' म्हणालाय, त्याच्याकडे परत जाऊन बोलायचं काय?

पायपीट:
'नक्की या हं' एवढ्यानं भागत नाही. किती वाजता निघणार, कुठून निघणार, त्याआधी काय काम असेल, हे त्याच्याच तोंडून वदवून घ्या. निकरसन आणि रॉजर्स यांच्या २०१० च्या अभ्यासात अशा प्रश्नांनी मतदान वाढलं, विशेषतः ज्या घरात एकच मतदार होता तिथं. कुटुंबात कुणी ना कुणी आठवण करतंच. एकट्या माणसाला ते कुणी विचारत नाही. म्हणून वेळ कमी असेल तर आधी ती दारं.

सतरंजी:
हार पचवण्याबद्दल: निकालाशी संबंध नसलेलं एक काम सुरुवातीलाच हाती घ्या. प्रत्येक भेटीत ऐकलेल्या तक्रारी गल्लीनिहाय, मतदाराचं नाव न टाकता लिहीत जा. निकालानंतर आठवडाभरात टीमसोबत बसून त्यातल्या पाच निवडा आणि जो निवडून आला असेल त्याला लेखी द्या. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी कार्यालय ओस पडतं, गट विखुरतो. म्हणून ही बैठक मतदानाआधीच ठरवून टाका. मतदारांचे फोन नंबर मात्र स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवू नका, याद्या समन्वयकाकडे परत करा.