प्रकाश दिसणं म्हणजे सिद्धी नव्हे

ध्यानात प्रकाश दिसू लागला म्हणजे सिद्धी जवळ आली का, असा प्रश्न आहे. एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. योगसूत्रं लिहिणाऱ्या पतंजलींच्या हिशेबात सिद्धी मुख्यतः येते ती संयमातून; आणि संयम म्हणजे धारणा (मन एका जागी बांधणं), ध्यान, समाधी ही तिन्ही एकाच विषयावर. (शिवाय पतंजलीच सिद्धींना समाधीतले उपसर्ग, म्हणजे अडथळे, म्हणतात, ते वेगळंच.)

बौद्ध परंपरेने पायऱ्या जास्त बारकाईने दिल्यात. विसुद्धिमग्ग या बुद्धघोषांच्या पाली ग्रंथातलं पृथ्वी-कसिण घ्या; कसिण म्हणजे नजर लावून ध्यान करायची वस्तू. अरुणवर्णी मातीची, एक वीत चार बोटं रुंदीची गुळगुळीत चकती, आणि बसायचं तिच्यापासून अडीच हातांवर. डोळे फार ताणले तर शिणतात, फार बारीक केले तर पेंग येते. मिटल्या डोळ्यांनीही चकती तशीच दिसली की ते उग्गहनिमित्त, म्हणजे मनाने पकडलेली प्रतिमा; पण त्यात बोटांच्या ठशांसारखे मातीवरचे दोषही दिसतात. ते गळून, ढगातून चंद्र निघावा तसं स्वच्छ पटिभागनिमित्त, म्हणजे निर्दोष प्रतिमा, उमटलं की उपचारसमाधी, म्हणजे पहिल्या ध्यानाच्या उंबरठ्यावरची एकाग्रता. अभिज्ञांसाठी, म्हणजे बौद्धांच्या सिद्धींसाठी, तिथून पुढे चौथ्या ध्यानापर्यंत जावं लागतं. पहिल्याच चमकेला पटिभागनिमित्त समजून लोक ध्यानाचा विषय सोडतात आणि प्रकाशामागे धावतात. मग चकतीही जाते, प्रकाशही.