मदत हवी आहे: आयसीयूतून घरी जाणाऱ्या मुलांच्या पालकांना काय सांगावं, आणि कधी?

मी लहान मुलांच्या आयसीयूत नर्स आहे. डिस्चार्जच्या दिवशी आम्ही औषधं, जखमेची काळजी, पुढच्या तपासणीची तारीख सगळं सांगतो. पण घरी गेल्यावर मूल रात्री दचकून उठतं, आईला क्षणभर सोडत नाही, अंथरूण ओलं करण्याची सुटलेली सवय परत सुरू होते, हे सांगायचं राहून जातं. मग पालक घाबरून फोन करतात. मला फार वाईट वाटतं, कारण यातलं बरंचसं आधी सांगता आलं असतं.

२०१८ पासून या त्रासाला वैद्यकीय लेखनात स्वतंत्र नावही आहे. शरीर, मन, बुद्धी आणि नाती या चारही बाजूंनी परिणाम होऊ शकतो. स्नायू अशक्त होतात, श्वासासाठी घशात घातलेली नळी काढल्यावर आवाज काही दिवस घोगरा राहतो, अभ्यासात लक्ष लागत नाही. गुंगीच्या औषधांमुळे काही मुलांना न घडलेल्या भीतिदायक गोष्टीही आठवतात. आईवडील आणि भावंडंही हादरलेली असतात. त्यांच्याकडे तर कुणाचंच लक्ष नसतं.

मला एक साधं माहितीपत्रक करायचंय. ज्यांचं मूल यातून गेलंय त्यांनी कृपया सांगा: घरी गेल्यावर कशाने सगळ्यात जास्त घाबरलात? हे वॉर्डात असतानाच ऐकायला आवडलं असतं, की आठवड्याभराने फोनवर? मुलाला तिथल्या दिवसांबद्दल कसं सांगितलंत? शाळेत काय कळवलंत?