घर रिकामं करायची नोटीस आलीय, मदत हवी आहे

गिरगावची_लेक
घाईत लिहितेय. इमारतीला नोटीस लागलीय. मालकाचा माणूस रोज दारात उभा, आठ दिवसांत खोली सोडा नाहीतर पोलीस आणतो म्हणतो. एका कागदावर सही केली तर दोन लाख रोख देतोय. आई ६८ वर्षांची, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. तिला घेऊन कुठे जाऊ? कोणाकडे जायचं ते लवकर सांगा.

साधा_माणूस
नोटीस कोणाची? मालकाची, महापालिकेची की म्हाडाची? पागडी, म्हणजे एकदाच रक्कम देऊन घेतलेली जुनी भाड्याची खोली, आहे की ठरावीक मुदतीचा करार?

अंधेरीकर
अकरा महिन्यांचा करार असेल तर मुदत संपल्यावर एक दिवसही राहू नका. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली दुप्पट भाडं लागतं. माझ्या भाच्याला भरावं लागलं.

गिरगावची_लेक
अहो, चाळ आहे, पागडीच असणार ना! नोटीस महापालिकेची. जिन्याच्या खांबाला चिकटवलीय, त्याच खांबाला दोन वर्षांपासून टेकू आहे. सी-१ आणि महापालिका कायद्याचं कलम ३५४ असं लिहिलंय.

निवृत्त_ओव्हरसियर
मग नीट वाचा. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. पण इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क बुडत नाही. पाडण्याआधी प्रत्येक खोलीचं क्षेत्रफळ मोजून भाडेकरूंची यादी करायची असते, उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तसं सांगितलंय. त्या यादीत तुमचं नाव आलंच पाहिजे. उद्याच डी विभाग कार्यालयात, नाना चौकात, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. इमारत किती मजबूत आहे याचं ऑडिट फक्त मालकाने केलं असेल तर भाडेकरूंनी मिळून आपलं करून घ्या. दोन अहवाल जुळले नाहीत तर प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. आणि त्या कागदावर सही अजिबात नको, तो बहुतेक हक्क सोडल्याचाच कागद असणार.

विरारचा_बाबू
दोन लाख घ्या आणि इकडे या. हवा चांगली, पाणीही आता येतं.

गिरगावची_लेक
दोन लाख किती महिने पुरणार दादा? आईचे डॉक्टर इथे, माझी नोकरी फोर्टला.

काळबादेवी_७२
हलूच नका! बाहेर पडलात की संपलं. आमच्या इमारतीला कितीदा नोटीस लागली, अजून उभी आहे.

निवृत्त_ओव्हरसियर
काळबादेवी, असा सल्ला देऊ नका. ऑगस्ट २०१७ मध्ये भेंडीबाजारात हुसैनी इमारत कोसळली, ३३ माणसं गेली. तीही धोकादायक ठरवलेलीच होती.

काळबादेवी_७२
आणि संक्रमण शिबिरात, म्हणजे तात्पुरत्या घरांत, वीस-वीस वर्षं अडकलेल्यांचं काय? तिथे गेलेल्या माझ्या मावशीला जिवंतपणी घर मिळालं नाही.

निवृत्त_ओव्हरसियर
ते खरं आहे, नाकारत नाही. म्हणूनच आधी कागद पक्के करा म्हणतोय.

साधा_माणूस
भाडेपावती कोणाच्या नावावर आहे?

गिरगावची_लेक
आजोबांच्या. ते २००३ मध्ये गेले. बाबाही आता नाहीत. नाव बदलायचं राहूनच गेलं. त्याने काही फरक पडतो का?

वकीलीणबाई
पडतो, पण घाबरू नका. भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणारी कुटुंबातली व्यक्ती भाडेकरू ठरते, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ७(१५)(ड). तेव्हा तिथे राहत होतात हे दाखवायला रेशन कार्ड, लाइट बिल, शाळेचा दाखला, जे सापडेल ते काढा. पोलीस आणण्याची धमकी देतोय तर त्याची तारीख-वेळ लिहून ठेवा. मालकाने पाणी किंवा वीज तोडली तर कलम २९ आहे. वकिलाच्या खर्चाची चिंता नको, स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत कायदेशीर मदत मिळते. १५१०० ला फोन करा. आणि भाड्याच्या बिलात दुरुस्ती उपकर लावलेला आहे का ते बघा. असेल तर इमारत म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे येते आणि संक्रमण शिबिराची मागणी करता येते.

परळचा_पोरगा
गिरगावातून मराठी माणूस असाच एकेक करून बाहेर गेला. बाप्पा बसायचे त्या पटांगणात आता गाड्या उभ्या असतात.

गिरगावची_लेक
त्यावर नंतर बोलू. देवघराखालच्या खणात १९७१ पासूनच्या पावत्या मिळाल्या, काही वाळवीने खाल्ल्यात. उपकर आहे, बिलावर वेगळी ओळच आहे! सही केली नाही. शेजारच्या काकूंनी मागच्याच आठवड्यात केली, त्यांना आता काय करता येईल? आणि ओव्हरसियरकाका, रात्री टेपने खोली मोजली, १७८ चौरस फूट भरली. पोटमाळा धरायचा का मापात? आई तिथेच शिवणाचं मशीन ठेवते.