अनुभव धागा: जळका, तडकलेला प्लग बदलताना

इस्त्री, गीझर, मिक्सरचा प्लग काळवंडला की अनेक घरांत त्याला टेप गुंडाळून वेळ मारून नेतात. कृपया तसं करू नका. हे काम ज्यांच्या हातातलं आहे त्यांनी बारकावे लिहा.

*

प्लग सॉकेटमधून काढूनच हात लावा, नुसतं बटण बंद करून नव्हे. जळलेल्या टोकापासून वायर कापत जा, आतलं तांबं लखलखीत दिसेपर्यंत. काळं पडलेलं तांबं स्क्रूखाली नीट बसत नाही, तिथे पुन्हा गरम होतं आणि नवा प्लगही जळतो. बाहेरचं आवरण ३-४ सेंमी, आतल्या तारांचं ७-८ मिमी सोला. फेज (तपकिरी, जुन्या वायरीत लाल) प्लगमधल्या L खुणेच्या स्क्रूला, न्यूट्रल (निळी किंवा काळी) N खुणेच्या स्क्रूला, हिरवी (अर्थिंगची) मोठ्या पिनला.

*

हिरवी तार बाकी दोघींपेक्षा सेंटीमीटरभर लांब ठेवा. वायर ओढली गेलीच तर अर्थिंग सगळ्यात शेवटी सुटतं. आणि वायर धरणारी पट्टी बाहेरच्या आवरणावरच आवळा, आतल्या सुट्या तारांवर नको. घरी बदललेल्या प्लगमध्ये ही चूक फार दिसते.

*

तारांच्या टोकांना कथील लावू नका! स्क्रूच्या दाबाने ते हळूहळू पसरतं आणि जोड ढिला होतो. तारांना पीळ द्या, भोक मोठं असेल तर टोक दुमडून घाला. एकही केसाएवढी तार बाहेर राहता कामा नये.

*

२००० वॅटच्या गीझरला २३० व्होल्टवर जवळपास ८.७ अँपिअर लागतात. तिथे ६ अँपिअरचा प्लग चालणारच नाही, १६चाच हवा.

*

झाकण लावल्यावर मल्टिमीटरने तपासा. मोठी पिन ते उपकरणाची धातूची बॉडी: १ ओहमपेक्षा कमी. मोठी पिन ते बाकीच्या दोन: काहीच जोड नको. प्लग सॉकेटबाहेरच ठेवून १००० वॅटच्या इस्त्रीचा नॉब चालू स्थितीत ठेवला तर फेज-न्यूट्रलमध्ये सुमारे ५३ ओहम दिसतात, तो शॉर्ट नव्हे. दुहेरी चौकोनाची (चौकोनात चौकोन) खूण असलेल्या दोन तारांच्या उपकरणात अर्थची पिन रिकामीच राहते.

*

सॉकेटही पाहा. आतली पकड ढिली असेल तर प्लग बदलून उपयोग नाही. वायरीसकट एकसंध साच्यात बनलेला जुना प्लग कापून काढला असेल तर त्याच्या पिना वाकवूनच टाका. उघड्या तारांसकट तो एखाद्या लहान मुलाने सॉकेटमध्ये घातला तर थेट झटका बसेल.